वर्षाचं सूत, जन्माची गोधडी

१९२५ साली काँग्रेसचं सभासद व्हायचं तर नुसते चार आणे टाकून भागत नव्हतं. आदल्या डिसेंबरात बेळगावला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात नवी अट आली होती. सभासदाने वर्षाला २४,००० वार सूत द्यायचं, महिन्याला २,००० वार, तेही एकसारखं कातलेलं. आजारपण असेल, जमत नसेल किंवा मनच नसेल, तर तेवढंच सूत दुसऱ्याकडून कातून घेऊन भरायची मुभा होती. किलोमीटरमध्ये मोजलं तर हे सूत २२ च्या आसपास जातं. त्याचं एक टोक शीव स्टेशनात बांधावं आणि रुळांच्या कडेने सोडत निघावं, तर बोरीबंदर गाठून परतीच्या वाटेवर दादर येईपर्यंत ते पुरेल. वकिलाने, डॉक्टरने, मास्तरने रोज अर्धा तास काढून एवढी मजल मारावी, अशी अपेक्षा होती.

नियम वर्षभरही टिकला नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत तो सैल झाला. चार आणे द्या, नाहीतर वर्षाला २,००० वार सूत द्या, असा पर्याय आला. ज्यांना मनापासून कातायचं होतं त्यांच्यासाठी तिथेच अखिल भारत चरखा संघ निघाला. म्हणजे काँग्रेसचं सूतकताईचं वर्ष भरलं नऊ महिन्यांचं.

शीवहून बोरीबंदरकडे जाणारे हे रूळ परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा असे गिरण्यांच्या धुराड्यांमधून जात. १९२० च्या दशकात मुंबई बेटावर ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांत तीस लाखांहून जास्त चात्या फिरत होत्या. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेली पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तीही मुळात सूतगिरणीच. जे शहर सुतावर वाढलं, त्याच शहराला सूत हाताने कातायला सांगणं हे धाडस होतं, आणि थोडा विनोदही.

मुंबईत हाताने कातणं, विणणं आणि गोधडी शिवणं या तिन्हींचा इतिहास एका मापाने मोजता येत नाही. चरख्याला आणि लोकरीच्या सुयांना हाक आली की ती बाहेर निघाली, कधी स्वराज्यासाठी, कधी सैनिकांसाठी. हाक ओसरली की माळ्यावर गेली. गोधडीला कुणी हाक दिली नाही. त्यामुळे तिचा ठराव नाही, अधिवेशन नाही आणि अमुक एक वर्ष तिचं म्हणून दाखवताही येत नाही.

चरख्याची गोष्ट गावदेवीच्या मणिभवनात सुरू होते. रेवाशंकर जगजीवन झवेरींचं हे घर. १९१९ च्या सुमारास गांधीजी तिथे दुखणाईत पडून होते. आपल्या आत्मकथेत त्यांनी तिथल्या खटपटीचं वर्णन केलं आहे. चरखा मिळाला होता, पण कातायला पेळू हवेत आणि पेळूसाठी कापूस पिंजायला हवा. रस्त्यावरून रोज एक पिंजारी धनुकली घेऊन जाई. तो लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं. पेळूसाठी पिंजून द्यायला तो कबूल झाला, पण दर सणसणीत लावला, आणि गांधीजींनी तो मुकाट्याने दिला. मुंबईच्या चरख्याला पहिला कच्चा माल असा गादीवाल्याकडून मिळाला. त्या पिंजाऱ्याचं नाव आत्मकथेत नाही.

याच सुमारास भरलेल्या कताईच्या वर्गात अवंतिकाबाई गोखले होत्या, रमीबाई कामदार होत्या, शंकरलाल बँकरांच्या विधवा आई आणि वसुमतीबहेनही होत्या. चरख्याची घरघर खोलीत सुरू झाल्यावर आपल्या प्रकृतीलाही तिचा गुण आला, असं गांधीजींनी लिहिलं आहे. पहिलं सूत विकलं गेलं ते वैष्णव मित्रांना, पवित्रा एकादशीच्या माळांसाठी. अंगावर घालण्याजोगं कापड व्हायला अजून अवकाश होता. आश्रमात तयार झालेली पहिली खादी वाराला सतरा आणे पडली. त्या काळी ही किंमत अवाच्या सवा होती.

अवंतिकाबाईंकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण मराठी मुंबईत चरखा रुजला तो अशा बायकांमुळे. त्या शिकलेल्या परिचारिका. १९१७ मध्ये त्या पती बबनरावांबरोबर चंपारणला जाऊन आल्या होत्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं आणि त्याला टिळकांची प्रस्तावना मिळाली. त्याच वर्षी त्यांनी हिंद महिला समाज काढला. मुंबई महापालिकेच्या सभागृहात बसलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. दर वर्षी गांधीजींच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताचं धोतर पाठवण्याचा त्यांचा नेम होता. बेळगावची अट आली आणि गेली. अवंतिकाबाईंचा नेम कुठल्याही अटीवर अवलंबून नव्हता. ठरावाने कातणारे आणि नेमाने कातणारे, यांतला फरक एवढा उघड दुसरीकडे सहसा दिसत नाही.

१९२१ हे मात्र खरोखर सामूहिक वर्ष. बेझवाड्याला काँग्रेसने ठरवलेला कार्यक्रम होता ३० जूनपर्यंत देशात वीस लाख चरखे फिरते करण्याचा. त्यानंतर महिन्याने, ३१ जुलैला, परळला एल्फिन्स्टन मिलजवळच्या आवारात विलायती कपड्यांची मोठी होळी पेटली. ती जागा गिरणीमालक उमर सोबानी यांनी दिली होती. दुसऱ्या दिवशी टिळकांची पहिली पुण्यतिथी होती. रेशमी साड्या, साहेबी कोट, जरीच्या टोप्या ढिगात पडल्या. परळच्या कुठल्याही बाईने त्या ढिगाकडे पाहून मनातल्या मनात हिशेब केला असेल की यात किती पांघरुणं झाली असती! रवींद्रनाथ ठाकुरांनाही कपडे जाळणं पटलं नव्हतं. उघड्या माणसांच्या देशात कापड जाळायचं कसं, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

गिरणीतला कामगार या सगळ्यात कुठे होता? एक तर बाबू गेनू होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेला. त्याचं नाव रस्त्यांना आणि चौकांना मिळालं, ते योग्यच झालं. पण रोज दहा तास चातीसमोर उभे राहणारे हजारो लोक होते आणि त्यांच्या कातण्याला कुणी देशसेवा म्हटलं नाही. त्यातली मोठी संख्या दलितांची होती, आणि त्यामागचं कारण धोट्यात दडलेलं होतं. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, कांडी संपली की नवी कांडी भरताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना साचेखात्यात येऊ दिलं नाही. पगार जास्त साच्यावर, आणि दलितांना जागा मात्र कताईच्या खात्यात. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. ते स्वतः परळला पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिलेले. गिरगावात कातणं मानाचं आणि परळात कातणं विणण्यापेक्षा हलकं, असे दोन न्याय एकाच बेटावर, एकाच सुताला लागू होते.

चरख्याच्या यंत्रातही मराठी माणसाने डोकं घातलं. १९२९ मध्ये चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत काढणारा, १५० रुपयांपेक्षा महाग नसलेला, खेड्यातल्या बाईला सहज चालवता येईल असा चरखा हवा होता. किर्लोस्करवाडीला गणेश भास्कर काळे यांनी असं यंत्र बांधलं. सूत त्याने भरपूर काढलं, पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मुंबईकरांच्या उपयोगी पडला तो वेगळाच चरखा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्या रचनेवर मेहनत घेतली तो पेटीचरखा. मिटला की पुस्तकासारखा बंद होणारा. दहा बाय दहाच्या खोलीत उभ्या चरख्याला जागा कुठली? पेटी खाटेखाली सरकत असे. पुढे शाळांतून टकळी आली, सूतकताईचा तास आला. पेळू संपवून मोकळं व्हायची घाई असलेल्या पोरांनी गुंतवळ करून ठेवलेलं सूत अनेक शाळांच्या कपाटांत साठलं.

आता गोधडी. तिच्यासाठी त्याच चाळीत खाली बसावं लागतं.

गिरणगावातला एकटा कामगार ‘गाळ्या’त राही. एका खोलीत वीस-तीसजण, बहुतेक एकाच गावचे किंवा एकाच तालुक्यातले. पाळ्या निराळ्या असल्याने निजायची जागा एक आणि निजणारे दोन-तीन. माणसाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. वळकटीत गोधडी. ती मुंबईत शिवलेली नसे, रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या घरून आलेली असे, आई-बायकोच्या जुन्या लुगड्यांची. घाटावर तिला वाकळ म्हणतात. कापडाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सूत परळात निघायचं, लुगडं लालबागच्या दुकानातून गणपतीला गावी जायचं, आठ-दहा वर्षं अंगावर विरायचं आणि मग गोधडी होऊन बोटीने किंवा एसटीने परत त्याच चाळीत यायचं. गिरणीच्या हिशेबात तो माल विक्रीच्या दिवशीच संपलेला असे. बायकांच्या हिशेबात त्याचं अर्धं आयुष्य अजून बाकी असे.

शिवण्याची रीत साधी दिसते, पण सोपी नाही. जमीन सारवून किंवा पुसून लुगडी एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही. मधल्या थरांत धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, फाटकी चादर असं काहीही चालतं. वरचा आणि खालचा थर मात्र धड हवा. कडा आत दुमडून टाका कडेपासून धरायचा आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे जायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. साधा धावदोरा, पण हजारोंनी. सुई जाड, दोरा जाड, आणि पावसाळ्याआधी काम उरकलेलं बरं. एकटीने करायचं काम हे नव्हेच. चौघी चार बाजूंना बसल्या की गोधडी लवकर होते आणि गावातलं सगळं बोलूनही होतं. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आणि सिंधची रल्ली ही याच कुळातली नाती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं शीव-चेंबूरकडे आली तेव्हा रल्ली आणि वाकळ एकाच वॉर्डात शेजारी राहायला आल्या.

सरकारी कारवाईत गोधडी कशी येते? जाळायची वस्तू म्हणून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आढळला, आणि त्यानंतर रोगी सापडलेल्या घरातलं अंथरूण-पांघरूण जप्त करून जाळणं हा रोगनिवारणाचा भाग झाला. शास्त्र त्या काळात पुरतं उलगडलं नव्हतं. पिसवांचा हात नंतर सिद्ध झाला. म्हणजे अंथरुणावरचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, पण ज्याच्याकडे दुसरं पांघरूणच नाही त्याला थंडीत उघडं टाकणारा उपाय गरिबाला जुलूमच वाटला. लोक शहर सोडून पळाले. याच प्लेगमधून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मला. दाटी कमी करण्यासाठी शहर उत्तरेकडे न्यायचं ठरलं. दादर-माटुंग्याची आखणी झाली आणि शीव हे वेशीवरचं गाव शहरात ओढलं गेलं. तोवर इथे टेकडीवर जेरॉल्ड ऑन्जियरच्या काळातला किल्ला होता, साष्टीकडे नेणारा १८०३ चा बांध होता, मिठागरं होती आणि कोळी होते.

चिंध्यांना मान मिळवून देणारा एकच माणूस झाला, तो म्हणजे गाडगेबाबा. अंगावर ठिगळांचं वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते.

विणकामाबद्दल थोडक्यात, कारण मुंबईत त्याला हवामानाचाच विरोध आहे. लोकर मराठी माणसाला ठाऊक होती ती घोंगडीतून. धनगरांनी कातलेली, सणगरांनी मागावर विणलेली, काळी आणि अंगाला टोचणारी. दोन सुयांचं विणकाम मिशनच्या शाळांतून, महिला मंडळांच्या वर्गांतून आलं. १९०८ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी हस्तकला शिकवून बायकांच्या हातात मिळकतीची एक वाट दिली. १९३० पासून किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक घराघरांत गेलं. त्यात आणि त्याच्या पाठोपाठच्या मासिकांत दोन सुलट, दोन उलट अशा भाषेतले नमुने येऊ लागले. दादरच्या बाईने विणायचं काय? बाळाचं टोपडं, कुंची, पायमोजे. कारण मुंबईत लोकर खरी लागते ती तान्ह्या मुलालाच, आणि तीही आजीच्या समाधानासाठी.

शीवला मात्र १९४७ नंतर विणकामाच्या खऱ्या माहितगार आल्या. शीव-कोळीवाड्याच्या निर्वासित छावणीत पंजाब आणि सरहद्द प्रांतातली कुटुंबं उतरली. कडाक्याच्या थंडीतून आलेल्या या बायकांना स्वेटर हा हौसेचा नाही, गरजेचा विषय होता. त्यांच्या नवऱ्यांच्या हॉटेलांतली तळलेली कोलंबी ‘कोळीवाडा’ नावाने साऱ्या देशात पोहोचली. त्यांच्या हातच्या वेलबुट्टीला आणि जाळीला असं नाव मिळालं नाही.

मग आलं १९६२. योगायोग असा की त्या वर्षाच्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईत इतकी थंडी नंतर नोंदली गेलेली नाही. ऑक्टोबरच्या २० तारखेला चीनने हल्ला केला. नामका चू नदीकाठी जवान सुती गणवेशात आणि अपुऱ्या पांघरुणात लढले, ही बातमी मागोमाग आली आणि देशभरातल्या बायकांनी सुया काढल्या. मुंबईतही चाळींत, महिला मंडळांत, कॉलेजांत, लोकलच्या बायकांच्या डब्यात स्वेटर, मफलर, हातमोजे विणले जाऊ लागले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला निघाल्यामुळे महाराष्ट्रात त्या उत्साहाला घरचा रंग चढला. पण लढाई महिनाभरात, २१ नोव्हेंबरला थांबली. पूर्ण बाह्यांचा स्वेटर सराईत हातालाही दोन-तीन आठवडे घेतो, नवशिकीला त्याहून जास्त. तेव्हा पुष्कळ स्वेटरांचे टाके युद्धबंदीनंतरच बंद झाले असणार. त्या बायकांची मेहनत त्यामुळे वाया गेली असं नाही, कारण हिमालयातली थंडी युद्धबंदी पाळत नाही. पण ती हाकही ओसरली, जशी १९२५ ची ओसरली होती.

गोधडीवर घाला आला तो कुठल्या आंदोलनाने नव्हे, कापड बदलल्याने. टेरिलीन, नायलॉन, पॉलिएस्टर सत्तरच्या दशकात चाळीत शिरले. ही लुगडी विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत. थरांत घातली तर सुईखाली सरकतात. नऊवारी सुती लुगडं नेसणारी पिढी ओसरली तशी गोधडीची कच्च्या मालाची खाण आटली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गाळे रिकामे झाले, वळकट्या गावाकडे परतल्या. संपाआधीच गिरण्यांतून बायका कमी झाल्या होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत एकेकाळी त्यांचीच गर्दी असे, पण प्रसूतिरजेचा कायदा १९२९ मध्ये आला, त्यांच्या रात्रपाळीवर बंदी आली, यंत्रं बदलली आणि मालकांनी बायका घेणंच कमी केलं. संपाच्या काळात घर चालवलं ते त्यांनीच, खानावळीचे डबे करून, पापड लाटून, घरी आणलेल्या शिलाईवर काज-बटण करून.

आज शीव स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की धारावी सुरू होते. तिथल्या शिलाई कारखान्यांतून रोज पोती भरभरून कटपीस निघतात. म्हणजे चिंध्यांचा तुटवडा नाही, फक्त त्या आता कुणाच्या आईच्या नाहीत. याच धारावीत २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘धारावी बिनाले’ नावाचं प्रदर्शन भरलं. ते भरवणारी ‘स्नेहा’ ही संस्था शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी याच रुग्णालयात १९८९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. प्रदर्शनात वस्तीतल्या बायकांनी कापडाचे तुकडे जोडून शिवलेला धारावीचा नकाशा होता. बायकांवर हात कुठे उगारला जातो, त्या जागा त्यात दाखवलेल्या होत्या. त्याचं नाव ‘मॅपिंग द हर्ट’. भिंतीवर टांगायची, पांघरायची नसलेली ही गोधडी पाहायला शहराच्या दक्षिण टोकाचे लोक शीवपर्यंत आले, आणि ती शिवणाऱ्या बायकांनी ती त्यांना स्वतः समजावून सांगितली.